खाडीचा वाटा

गुरुवार, ऐरोली

ठाणे स्टेशनपासून ऐरोली म्हणजे लोकलचं दुसरं स्टेशन. एवढ्याशा अंतराला प्रवास म्हणावं का, असं घरच्यांनी विचारलं. पण रजा टाकली होती, पिशवीत टोपी, दुर्बीण आणि वही होती, आणि मनात डिसेंबरपासून अडकून बसलेला एक प्रश्न होता.

मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते. त्या दिवशी जर्मन तत्त्वज्ञ कांट चालला होता. माणूस हा स्वतःच साध्य आहे, त्याला नुसतं साधन म्हणून वापरू नये. आणि जनावरांशी क्रूरपणे वागू नये ते अशासाठी की, तसं वागणारा पुढे माणसांशीही निर्दय होतो. म्हणजे कुत्र्याला लाथ न मारण्याचं कर्तव्यसुद्धा शेवटी माणसाच्याच खात्यावर जमा. ओघात मी खारफुटीचं उदाहरण दिलं: ती लाटांचा जोर मोडते, तिच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, चिखलात कार्बन धरून ठेवते, म्हणून ती जपायची. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, उद्या काँक्रीटची भिंत तिच्यापेक्षा चांगलं काम करायला लागली तर?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं. तो दिवा कोळीवाड्यातला निघाला. "माझे आजोबा अजून खाडीवर जातात. या तुम्ही एकदा," म्हणाला. म्हणून हे चार दिवस.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते. वेळ घड्याळावर ठरत नाही, भरतीवर ठरते. आज वद्य चतुर्थी, दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती, म्हणून आम्ही पाणी चढत असतानाच निघालो. दोन्ही बाजूंना तिवरांची, म्हणजे खारफुटीची भिंत आणि त्यामागे आकाशात टेकलेले टॉवर. जेट्टीजवळ तिवराचं एक पान हातात घेऊन उलटवून पाहिलं. वरून हिरवंगार, खालून राखाडी, आणि उन्हात धरलं तर पानावर बारीक, पिठीसारखे पांढरे कण. जीभ लावली. मीठ! खाऱ्या पाण्यात उभं राहून झाड पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. खाली चिखलातून बोटाएवढी मुळं सरळ वर आली होती. त्या चिखलात हवा नाही, म्हणून श्वास घ्यायला मुळं वर येतात. दोन मुळांच्या मध्ये एक निवटी कल्ल्यांजवळच्या परांवर रेलून बसली होती. ती मासाच, पण पाण्याबाहेर. डोळे डोक्याच्या वर. तिने आमच्याकडे पाहिलं, आणि बोटीची लाट येण्याआधीच चिखलात नाहीशी झाली.

पुढे वळणावर रोहित दिसले. कुणी त्यांना अग्निपंख म्हणतं, बोटीवरची पोरं 'फ्लेमिंगो' म्हणून ओरडली. इथे बहुतेक लहान रोहित, गडद लाल चोचीचे. पाणी चढेल तसे ते उरलेल्या चिखलाच्या पट्ट्याकडे पावलापावलाने सरकत होते, माना खाली, चोच उलटी पाण्यात. जीभ पंपासारखी मागेपुढे करून ते पाणी आत ओढतात, चोचीतल्या बारीक चाळणीतून शेवाळ गाळून घेतात, पाणी परत सोडतात. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मतं ते राखाडी.

इथे माझ्या वहीतली एक व्यवस्थित ओळ मला खोडावी लागली. निघण्याआधी मी लिहिलं होतं: 'शहराने वेढलेल्या निसर्गाचा शेवटचा कोपरा.' तसं ते नाही. रोहित या खाडीत मोठ्या संख्येने यायला लागले ते १९९० च्या दशकापासून, आणि त्याचं एक कारण अभ्यासक सांगतात ते असं की, आपलं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजतं, आणि त्या शेवाळावर रोहित जगतात. म्हणजे ज्या गुलाबी थव्याचा फोटो आम्ही 'निसर्ग' म्हणून काढत होतो, त्याच्या जेवणात आमच्या मोऱ्यांचाही हात आहे. माणूस इकडे आणि निसर्ग तिकडे, अशी रेघ या पाण्यावर ओढताच येत नाही.

या खाडीला कागदावर पुष्कळ मान मिळाला आहे. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्र रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालची पाणथळ म्हणून नोंदलं गेलं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, खारफुटी नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. हा निकाल झाला नसता तर मी आज तिवराचं पान चाटलं नसतं, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण त्या मुलाचा प्रश्न इथेही उभा राहतोच. हक्क कुणाचा? नागरिकांचा. तिवराचा नाही. पाच वर्षं आधी, २०१३ मध्ये, गीरच्या सिंहांना मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी भाषा वापरली होती: माणसाला केंद्र न मानता त्या प्रजातीचं हित कशात आहे ते पाहायला हवं. ती भाषा चिखलापर्यंत अजून पोचायची आहे.

संध्याकाळी कोळीवाड्यात. मुलाचे आजोबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पण हाताचा वेग असा की सुई दिसत नव्हती. आजीने सुकटीची चटणी आणि भाकरी पुढे केली. मी म्हटलं, "काकी, आज संकष्टी." त्यांनी एका शब्दाने आग्रह न करता चटणीची वाटी उचलली आणि कोरा चहा आणला.

काकांना मी भरतीची वेळ कशी काढता म्हणून विचारलं. "तिथीची पाऊनपट," ते म्हणाले. आज चौथ, चाराची पाऊणपट तीन, तीन वाजता पाणी भरलं. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. भांगेला पाण्याला ओढ नसते, मासा कमी. मग मी तो प्रश्न काढला. भिंत, पूर, तिवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं ते जाळ्याकडेच बघत.

"बाय, होरीवर मासा आला का वाटं परतात. होरीचा वाटा, जाल्याचा वाटा, खलाश्याचा वाटा. खारीचा पन वाटा असतो. खारी कोनाची नाय. आमी वाटेकरी. मालक नाय, न् पावनं पन नाय."

मी वहीत ते जसंच्या तसं उतरवलं. नातू मध्येच म्हणाला, "आजोबा, पण आपल्यातलेच कितीतरी लोक बारीक आसाचं जाळं लावतात. पिल्लंसुद्धा सुटत नाहीत." काका थोडा वेळ गप्प बसले. "लावतान," एवढंच म्हणाले. कोळी म्हणजे निसर्गाचे भोळे पुजारी असं चित्र मला रंगवायचं नाही, आणि त्या घरात कुणी रंगवूही दिलं नाही. पण याच घराने ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने येताना पाहिले, १९७० नंतर नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी जाताना पाहिल्या, खाडीतला जिताडा कमी कमी होताना पाहिला. वाटा कुणी खाल्ला हे त्यांना कुणी शिकवायला नको.

घरी येऊन चंद्र दिसेपर्यंत वही उघडीच होती. वाटेकरी. मालक नाही, पाहुणा नाही.

शुक्रवार, नेरुळ

खाडीत भरती भरली की रोहितांना पाय टेकायला जागा उरत नाही. तेव्हा ते नवी मुंबईतल्या पामबीच रस्त्याकडेच्या पाणथळांवर उडून येतात, नेरुळच्या तळ्यावर बसतात, ओहोटीला परत जातात. खाडी आणि तळं ही त्यांच्या एकाच घराची दोन दालनं. म्हणून तळ्याला खाडीचं पाणी देणारी वाट बुजली की घराचं अर्धं छप्परच जातं.

२०२४ च्या उन्हाळ्यात तसंच झालं. तळं आटलं, भांबावलेले पक्षी रस्त्यावर उतरले, काही मेले. त्याच मे महिन्यात घाटकोपरला उतरणीवरच्या विमानाला थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास रोहित मेले. सकाळी मी तळ्याच्या कडेने फिरत होते तेव्हा पाणी होतं आणि दीड-दोनशे पक्षी एका पायावर झोपले होते. व्यायामाला आलेल्या एका काकांनी आपणहून सांगितलं की, तेव्हा आसपासच्या सोसायट्यांतली माणसं रोज उठून अर्ज, फोटो, मोर्चे करत होती. "आमच्या गॅलरीतून दिसतात हो ते," म्हणाले. आवाजात माया होती.

या मायेबद्दल मला काही उणं बोलायचं नाही. पण दिवसभर एक विचार पाठ सोडत नव्हता. रोहित गुलाबी आहेत, देखणे आहेत, गॅलरीतून दिसतात. निवटीचं काय? ती चिखलाच्या रंगाची, बुळबुळीत, कुणाच्या फोटोत नाही. उपयोगाच्या जागी सौंदर्य ठेवलं तरी माप माणसाच्याच हातात राहतं.

दुपारी ऊन चढलं तशी घरी परतले.

शनिवार, येऊर

पहाटे उपवनच्या तलावावरून वर. सोबत कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची मैत्रीण. चौकीवर नोंद करून आत शिरलो तेव्हा अजून धुकं होतं. काटेसावरीची पानं गळून गेलेली, आणि उघड्या फांद्यांवर मांसल लाल फुलं. खाली पडलेल्या एका फुलात मुंग्या, एक भुंगा आणि कसलीशी अळी, तिघांचं चालू होतं. मैत्रीण म्हणाली, "हे फूल म्हणजे खानावळ. मैना, बुलबुल, माकडं, सगळी इथे जेवतात." साग आणि ऐन यांच्यामधून एकदाच भेकराचा खोकल्यासारखा आवाज आला आणि मग सगळं जंगल ऐकत राहिलं.

येऊर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. चहूबाजूंनी मुंबई आणि ठाणे. २०१८ च्या मोजणीत उद्यान आणि परिसरात ४७ बिबटे नोंदले गेले. इतक्या दाट वस्तीत इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. भटकी कुत्री हा त्यांच्या आहारातला मोठा भाग, आणि भटकी कुत्री वाढतात आपल्या कचऱ्यावर. खाडीतल्या शेवाळाची गोष्ट इथे डोंगरावर पुन्हा.

२००२ ते २००४ या वर्षांत या उद्यानाभोवती बिबट्यांचे हल्ले फार वाढले, माणसं गेली, त्यांत मुलंही होती. तेव्हा बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा आणि त्याला दूर कुठेतरी नेऊन सोडायचं, असा उपाय सर्रास होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागातून केलेल्या अभ्यासात दिसलं की, हा उपायच दुखणं वाढवतो. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या भांबावतो, आणि जिथे सोडला तिथे हल्ले वाढतात. पुढे धोरण बदललं. २०११ पासून वनखाते, अभ्यासक आणि मुंबईकर यांनी मिळून वस्त्यांमध्ये बोलायला सुरुवात केली: कचरा उचला, संडास घराजवळ हवा, रात्री मुलांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला म्हणून पिंजरा मागू नका. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जंगलाची बाजू घेणं म्हणजे आदिवासी पाड्यात दिवा आणि संडास पोचवणं, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहसा येत नाही.

वर्गात येतो तो नॉर्वेचा तत्त्वज्ञ आर्ने नेस. त्याने १९७३ मध्ये भेद केला: प्रदूषण आणि साधनसंपत्ती यांची काळजी माणसाच्या आरोग्यासाठी आणि समृद्धीसाठी घेणं हा उथळ विचार, प्रत्येक जीवाला आपल्या परीने जगण्या-फुलण्याचा हक्क आहे असं मानणं हा सखोल विचार. मी हे भक्तीने शिकवत आले आहे. पण १९८९ मध्ये रामचंद्र गुहांनी घेतलेला आक्षेप मी फार तर एका वाक्यात उरकत असे. तो असा की, निर्मनुष्य अरण्याचं हे स्वप्न आपल्याकडे आणलं की त्याची किंमत जंगलाकाठचा गरीब माणूस मोजतो. येऊरला पाड्यातून चालताना ते वाक्य आखूड पडलं.

एका अंगणात वारली आजी गवऱ्या लावत होती. आम्ही टेकलो, पाणी मागितलं. बोलता बोलता वाघाचा विषय निघाला. इथे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

"वाघ येतो का आजी?"

"येतो ना. त्याची वाट हाय ती."

"भीती नाही वाटत?"

"वाटतं की! गेल्या साली शेळी नेली माझी. लई चांगली शेळी व्हती." तिने हात थांबवला. खरोखरच वाईट वाटत होतं तिला, अजूनही. "पण वाघोबाचा मान हाय. वाघबारशीला देतो आमी त्याचं त्याला."

मला २०१९ चा फेब्रुवारी आठवला. ठाण्यातल्या एका मॉलच्या आवारात बिबट्या आला होता, काही तासांनी त्याला बेशुद्ध करून नेलं. त्या दिवशी आमच्या सोसायटीत, फोनवर, बातम्यांत एकच क्रियापद होतं: घुसला. आजीच्या तोंडी ते नव्हतं. येतो, जातो, फिरतो. शेळी गेली तरी 'येतो'. आणि आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या तीन दिवसांत काका, काकी, आजी, कुणीही 'निसर्ग' हा शब्द वापरला नव्हता. तो फक्त माझ्या वहीत होता.

उतरताना मैत्रिणीशी बोलता बोलता माझ्याच तोंडून उत्तर निघालं. आपल्याकडे भावकीत जमिनीचे वाटे होतात. धाकटा भाऊ कामाचा असो नसो, गोड बोलणारा असो की भांडकुदळ, त्याचा वाटा त्याला मिळतो. तो कशावर ठरतो? उपयोगावर नाही, प्रेमावर नाही. तो त्या घरात जन्मला यावर. 'मजूर स्वस्त मिळतो, मग भावाचा वाटा कशाला?' असं कुणी म्हटलं तर गाव त्याला काय म्हणेल! भिंत पूर अडवेल, खुशाल अडवू दे. त्याने तिवराचा वाटा कमी होत नाही, कारण तो पूर अडवण्याचा मोबदला नव्हताच.

मैत्रीण म्हणाली, "पण भावकीत कोर्टकज्जे होतात, डोकी फुटतात."

होतात. वाट्यामध्ये भांडण गृहीतच आहे. आजीची शेळी गेली ती गेलीच. घोडबंदर रोडवर मी रोज तासभर अडकते, आणि या डोंगराखालून होणारा ठाणे-बोरिवली जुळा बोगदा झाला तर माझाही वेळ वाचणार आहे. ११.८ किलोमीटरचा हा रस्ता, त्यातला दहाएक किलोमीटर जमिनीखालून. तो नको असं मी मनापासून म्हणू शकत नाही, आणि नुसता वेळ वाचतो म्हणून गप्पही बसवत नाही. एवढं मात्र कळतं की, हिशेबाच्या कागदावर दुसऱ्या वाटेकऱ्याचं नाव आधी असायला हवं, मग घासाघीस. आज ते नाव शेवटच्या पानावर, 'उपाययोजना' या मथळ्याखाली येतं.

रविवार, खाडी

सप्तमी. पहाटे सव्वापाचला भरती, सहा-साडेसहाला पाणी उतरायला लागलं तेव्हा काका, नातू आणि मी होडीत. "भांग आली," काका म्हणाले, "आज कय जास्त गावाचं नाय." मी कोपऱ्यात बसले होते, पायाशी ओल्या जाळ्याचा वास. पाणी उतरताना तिवरांची मुळं एकेक वर आली, जणू कुणीतरी खालून टोचून काढत होतं. दूर चिखल उघडा पडला आणि त्यावर गुलाबी रेघ उमटली, मग ती रेघ चालायला लागली.

नातवाने वल्हं घेतलं. काकांनी पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, कोपरावर घेतला, एक टोक दातांत धरलं, अंग वळवलं आणि फेकला. तो हवेत गोल उघडला आणि पाण्यावर आवाज न करता बसला. दोन बोय, मूठभर कोळंबी. पुन्हा. एक बोय. पुन्हा. काही नाही. मग आधल्या संध्याकाळी चिंबोऱ्यांसाठी लावलेली गोल जाळी त्यांनी एकेक ओढून काढली. आमिषाचं डोकं खाऊन संपलेलं, आत दोन-तीन चिंबोऱ्या एकमेकींना धरून.

होडीच्या तळाला काकांनी सगळं ओतलं आणि निवडायला बसले. मोठी चिंबोरी नांगी धरून, पाय बांधून टोपलीत. बोय टोपलीत. कोळंबी वेगळी. मग एक चिंबोरी उचलली, तिच्या पाठीवर आपली चार बोटं आडवी ठेवली. पाठ बोटांत झाकून गेली. ती त्यांनी कडेवरून पाण्यात सोडली, फेकली नाही, सोडली. दुसरी तशीच. तिसरीच्या वेळी त्यांनी माझा हात पुढे घेतला आणि माझी बोटं तिच्यावर ठेवली. पाठ थंड, कडा करवतीसारखी, आणि खालून पाय हलताना बोटांना जाणवत होते.

"लहान," मी म्हटलं.

"मग कोनाची?"

"खाडीची."

त्यांनी मान हलवली. जाळ्यात आणखी एक वस्तू गुंतली होती, काळी, चिखलाने भरलेली दुधाची पिशवी. नातू ती पाण्यात झटकायला गेला तसा काकांनी त्याचा हात धरला. पिशवी घेतली, धुतली, पिळली आणि माझ्या पायाशी ठेवली. तिथे आधीच अशा तीन पिशव्या, एक चप्पल आणि औषधाची बाटली होती.

"आन् ही आपली."

परतीला मी ते सगळं माझ्या पिशवीत भरलं. दुर्बीण हातात घ्यावी लागली. धक्क्याजवळ पाणी इतकं उतरलं होतं की, होडी लागेना, आम्ही तिघं चिखलात उतरून चालत निघालो. नातू पुढे, काका टोपली घेऊन मध्ये, मी मागे. घोट्याच्या वर चिखल, आणि दर पावलागणिक दोन-चार निवट्या बाजूला उड्या मारून आम्हाला वाट देत होत्या.